एआय एजंटला गूगल ड्राइव्ह जोडलं आणि बिलं लावायला दिली, कसं चाललंय त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, कारण पूर्ण वाचायला सगळ्यांकडे वेळ नसतो. एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम टूल्स वापरून स्वतः करणाऱ्या एआयला, गूगल ड्राइव्ह जोडणं वर्थ आहे. फाइल उघडून वाचणं, नाव बदलणं, बरोबर फोल्डरात लावणं यात तो एकदम भारी. डिलीट आणि शेअरिंग मात्र त्याच्या हातात देऊ नका. आणि "आम्ही जोडून देतो" म्हणत कुणी महिन्याचे पैसे मागत असेल तर आधी हे वाचा मग ठरवा. एजंट कुठला वापरतो ते मुद्दाम लिहीत नाही, कारण क्लॉड, चॅटजीपीटी, जेमिनी सगळ्यांनाच ड्राइव्हपर्यंत पोचायचा रस्ता आहे, आणि खरी गोम एजंटमध्ये नाहीच, त्याला कुठल्या खात्याने आणि कुठल्या परवानगीने आत सोडलं त्यात आहे.

माझं इचलकरंजीत जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. पार्ट्या म्हणजे सूतवाले, सायझिंगवाले, खर्चीवाले म्हणजे मजुरीवर विणणारे यंत्रमागधारक, मधेच एखादा हार्डवेअरवाला. बिलं नीट फाइलला लावून आणणाऱ्या पार्ट्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, बाकी सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. "साहेब बिलं टाकलीत बघा" एवढा मेसेज आणि खाली फोटोच फोटो, त्यात दोन आडवे, एक उलटा, एकात बिलापेक्षा टेबलच जास्त. फाइलचं नाव काय तर आयएमजी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि चार आकडे. ती तारीखसुद्धा फोटो आला त्या दिवसाची, बिलाची नाही. म्हणजे जूनचं बिल जुलैच्या नावाने पडून राहतं, १४ तारखेला २बी (सप्लायरनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आलं की सुरू शोधाशोध, हे बिल पोर्टलवर दिसतंय पण आपल्याकडे कुठाय, २० च्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचंय आणि पार्टी फोन उचलत नाही. ऑफिसातला पोरगा रोज बसून नावं बदलायचा. कंटाळवाणं काम, आणि कंटाळवाण्या कामात माणूस चुकतोच, त्याला तरी काय बोलणार.

आता जोडणी होते कशी ते थोडक्यात. एमसीपी म्हणून एक प्रोटोकॉल आहे, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला, मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने घेतला, पुढच्याच महिन्यात गूगलने पण हो म्हटलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. म्हणजे आता कुणा एका कंपनीचा राहिला नाही. यात एजंट स्वतः ड्राइव्हमध्ये घुसत नाही. मधे एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला एमसीपी सर्व्हर म्हणतात, नावाला घाबरू नका, तुमच्या लॅपटॉपवर पण चालतो. हा सर्व्हर एजंटला टूल्सची यादी देतो: फाइल शोध, फाइल वाच, नाव बदल, हलव, नवीन फोल्डर बनव. एजंट सांगतो की अमुक टूल चालव, सर्व्हर ते काम ड्राइव्हच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमांसाठी ठेवलेला दरवाजा) करून घेतो आणि उत्तर परत देतो. तेवढंच. यादीत जे टूल नाही ते एजंट करू शकत नाही, कितीही हुशार असू दे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रस्ते तीन आहेत. पहिला म्हणजे एजंटच्या सेटिंग्जमधलाच तयार कनेक्टर. कनेक्ट दाबा, गूगलचं लॉगिन करा, परवानगी द्या, संपलं, चहा यायच्या आत होतं. शोधायला आणि वाचायला हा उत्तम. "मागच्या वर्षीच्या ऑडिटचं पत्र कुठंय आणि त्यात तारीख काय दिलीय" असं विचारायचं असेल तर यापुढे जायचीच गरज नाही. पण फाइली हलवणं, नावं बदलणं हे कुठे किती करू देतील ते एजंटप्रमाणे आणि प्लॅनप्रमाणे बदलत राहतं, आणि माझं तर सगळं काम तेच होतं.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचा सर्व्हर. मी हाच वापरतो, म्हणून यावरच जास्त लिहितो. सुरुवातीला अँथ्रॉपिकनेच नमुना म्हणून ड्राइव्हचा एक सर्व्हर दिला होता, तो फक्त शोधायचा आणि वाचायचा, गूगल डॉक असेल तर मार्कडाउन, शीट असेल तर सीएसव्ही, म्हणजे दोन्हीचा साधा मजकूर करून द्यायचा. तो आता अर्काइव्हमध्ये गेलाय. सध्या लोकांनी बनवलेले ढीगभर मिळतात. त्यातला एक घ्यायचा, गूगल क्लाउड कन्सोलमध्ये (गूगलची प्रोग्रॅमरांसाठीची साइट) जाऊन प्रोजेक्ट बनवायचा, ड्राइव्ह एपीआय चालू करायचा, डेस्कटॉप अ‍ॅप प्रकारचा क्लायंट (म्हणजे सर्व्हरची गूगलकडची ओळख) बनवायचा, त्याची जेसन फाइल उतरवायची आणि एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये तिचा पत्ता द्यायचा. वाचायला सोपं वाटतंय ना? कन्सोलची पानं बघून साध्या माणसाच्या नाकी नऊ येतात. प्रत्येक गोष्ट भलत्याच मेनूत. पण एकदाच करायचंय, आणि गंमत म्हणजे कुठे अडलं की स्क्रीनशॉट काढून एजंटलाच विचारायचं, तोच सांगतो आता डावीकडे बघा.

पहिल्यांदा परवानगी देताना ब्राउझरमध्ये भलंमोठं वॉर्निंग येतं की गूगलने हे अ‍ॅप तपासलेलं नाही. इथे बरेच जण घाबरून बंद करतात. अरे, ते अ‍ॅप तुम्हीच बनवलंय, गूगल कशाला तपासेल. क्लायंट तुमच्याच प्रोजेक्टचा असेल तर पुढे जायला हरकत नाही. दुसऱ्या कुणाच्या अ‍ॅपवर हेच वॉर्निंग आलं तर मात्र खरंच थांबा.

मग येतो सात दिवसांचा फेरा. प्रोजेक्ट टेस्टिंग स्टेटसमध्ये असेल तर मिळालेलं रिफ्रेश टोकन, म्हणजे लॉगिन टिकवणारी किल्ली, सात दिवसांत मरतं, हा गूगलचा लिखित नियम आहे, बग नाही. म्हणजे सोमवारी जोडलं की पुढच्या सोमवारी एजंट म्हणणार लॉगिन गेलंय. लोक सर्व्हर बदलतात, एजंटला शिव्या घालतात, सगळं काढून परत टाकतात, आणि परत सात दिवसांनी तेच. उपाय दोन: प्रोजेक्ट प्रॉडक्शनमध्ये टाकायचा, किंवा ऑफिसचं गूगल वर्कस्पेस (कंपनीसाठीचं पेड खातं) असेल तर यूजर टाइप इंटरनल करायचा, मग सात दिवसांची पण भानगड नाही आणि ते वॉर्निंग पण नाही.

आता खरा मुद्दा, परवानगी. ड्राइव्ह एपीआयमध्ये परवानगीच्या पायऱ्या आहेत, त्यांना स्कोप म्हणतात. एक आहे ड्राइव्ह डॉट फाइल. सगळ्यात सुरक्षित, कारण त्यात अ‍ॅपला फक्त त्याने स्वतः बनवलेल्या किंवा तुम्ही निवडून दिलेल्या फाइली दिसतात. ऐकायला छान. पण आमच्या पोराने फोल्डरात टाकलेले फोटो त्याला दिसतच नाहीत! एजंट निवांत सांगणार, फोल्डर रिकामं आहे. दुसरा रीडओन्ली, सगळं दिसतं पण बदलता काही येत नाही. तिसरा पूर्ण ड्राइव्ह, म्हणजे सगळं दिसतं आणि सगळं बदलता येतं, पार्टीच्या पॅन कार्डापासून पोरीच्या शाळेच्या फीच्या पावतीपर्यंत. या कामाला बसेल असं मधलं काही नाही. "हे एकच फोल्डर दे, त्यात काय करायचं ते कर, बाकीकडे बघू नको" असा स्कोपच नाही. कामाला आलेल्या नव्या पोराला एका कपाटाची किल्ली द्यायची असते, इथे पर्याय काय तर रिकामं कपाट नाहीतर अख्खं दुकान.

यावर जुगाड साधा आहे आणि या रिव्ह्यूमधलं एकच काही घेऊन जाणार असाल तर हे घ्या. एजंटसाठी वेगळं गूगल खातं काढायचं. फुकट आहे, १५ जीबी जागा मिळते, आपल्याला तीही लागत नाही. मग मुख्य खात्यातून फक्त एक फोल्डर, माझ्याकडे त्याचं नाव जीएसटी इनबॉक्स, त्या नव्या खात्याला एडिटर म्हणून शेअर करायचं आणि एजंटला जोडायचं ते हे नवीन खातं. आता स्कोप पूर्ण दिला तरी त्या खात्यात आहेच काय? ते एक फोल्डर. शिवाय फाइलींचा मालक मुख्य खातंच राहतं, त्यामुळे दुसऱ्या खात्यावरून त्या कायमच्या डिलीट करताच येत नाहीत. आणि व्हर्जन हिस्टरीत, अ‍ॅक्टिव्हिटीत एजंटने काय केलं ते वेगळ्या नावाने दिसतं. कुणी नाव बदललं यावरून पोरावर आरडाओरडा व्हायचा थांबला.

डिलीटबद्दल एवढं का सांगतोय? आपण हाताने ड्राइव्हमधून फाइल काढली की ती ट्रॅशमध्ये जाते आणि ३० दिवस तिथे राहते, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. एपीआयमधली डिलीटची कमांड तशी नाही, ती ट्रॅशला वळसा घालून फाइल थेट उडवते. ट्रॅशमध्ये टाकायची कमांड वेगळी आहे. सर्व्हर बनवणाऱ्याने दोन्हीतली कुठली वापरलीय ते तुम्हाला बाहेरून कळत नाही, टूलचं नाव नुसतं डिलीट फाइल. मी तर ते टूलच बंद ठेवलंय. शेअर करायचं टूल पण बंद. यादीतच नाही तर वापरणार कुठून.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू. इथे मात्र मान्य करावं लागेल, पहिल्यांदा चालताना बघून मजा आली. मी सरळ मराठीत सूचना देतो: इनबॉक्समधला प्रत्येक फोटो उघड, विकणाऱ्याचं नाव, जीएसटी नंबर, बिल नंबर, बिलाची तारीख, करपात्र रक्कम, कर, एकूण, हे सगळं शीटमध्ये लिही, शेजारच्या कॉलममध्ये नवीन नाव काय देणार ते लिही, आणि फाइलला अजिबात हात लावू नकोस. शीट तयार झाली की मी डोळ्याखालून घालतो, जिथे गडबड वाटते तिथे खूण करतो, मग म्हणतो, आता खूण नसलेल्यांची नावं बदल आणि महिन्याच्या फोल्डरात टाक. हा दोन पायऱ्यांचा प्रकार सोडू नका. एजंट प्रत्येक टूलला परवानगी विचारतो, आणि माणसाचा स्वभाव असा की चार वेळा विचारलं की पाचव्याला आपण "नेहमी चालू दे" दाबतो. त्यापेक्षा एक शीट नीट बघणं बरं.

ताळे जुळवायला सांगितलं की तो खरा उपयोगी होतो. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे, मधली दहा अक्षरं पॅन, शेवटचं अक्षर चेक डिजिट, म्हणजे आधीच्या चौदांवरून गणित करून येतं. फोटो पुसट असला आणि ८ चा बी वाचला गेला की चेक डिजिट जुळत नाही आणि एजंट स्वतःच म्हणतो हे बघा एकदा. दुसरा ताळा राज्याचा. आमच्याकडे सूत तमिळनाडूतून येतं, नंबर ३३ ने सुरू, कर्नाटकातलं असेल तर २९, तिथे बिलावर आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावरचा कर, पाहिजे. २७ ने म्हणजे महाराष्ट्राच्या आकड्याने सुरू होणारा नंबर, माल इथलाच आणि कर आयजीएसटी, असं दिसलं तर काहीतरी झोल आहे, वाचण्यात किंवा बिलातच. तिसरा ताळा दराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचा १२ टक्क्यांचा दर गेला, त्यामुळे नंतरच्या तारखेच्या बिलावर सहा अधिक सहा (केंद्राचे आणि राज्याचे मिळून १२) दिसलं की त्याने थांबून विचारायचं असं सांगून ठेवलंय. एका पार्टीला एक सप्लायर ऑक्टोबरमध्येही जुन्याच दराने बिल देत होता, ते असंच सापडलं. आता हे पोराला कळलं नसतं असं नाही, पण महिनाअखेरीच्या ढिगाऱ्यात कुणाचं लक्ष जातं.

छापील आणि टॅलीच्या बिलांना तो जवळपास चुकतच नाही. हाताने लिहिलेल्या मराठी बिलांवर मात्र गंडतो, खास करून १ आणि ९. घाईत लिहिलेला मराठी नऊ आणि एक यात माणूस पण फसतो म्हणा. उपाय एकच, बेरीज करून बघ म्हणायचं, रक्कम अधिक कर बरोबर एकूण होत नसेल तर लाल खूण. थर्मल कागदावरची उडालेली बिलं त्याच्याच्याने होत नाहीत, आणि बरं आहे, अंदाजाने भरण्यापेक्षा "वाचता येत नाही" लिहिलेलं बरं. सूचनेत हे स्पष्ट लिहा, नाहीतर काही एजंट रिकामा रकाना ठेवायला लाजतात आणि काहीतरी शोभेल असं भरतात.

नावांच्या भानगडी ऐका आता. नियमाप्रमाणे बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात डॅश आणि स्लॅश दोन्ही चालतात, आणि आमच्या सूतवाल्यांचं स्लॅशवर फार प्रेम. ड्राइव्हला फाइलच्या नावात स्लॅश चालतो, विंडोजला चालत नाही. त्यामुळे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल जरा वेगळ्या नावाने दिसते आणि पोरगा म्हणतो सापडत नाही. मी स्लॅशच्या जागी डॅश लिहायला सांगितलाय, प्रश्न मिटला. दुसरं, ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात. कॉम्प्युटरसारखं "अशी फाइल आधीच आहे" असं तो विचारत नाही, कारण त्याच्या लेखी फाइलची ओळख म्हणजे तिचा आयडी, नाव नुसतं चिकटवलेलं लेबल. एजंटला कॉपी करायला सांगितलं, काम मधेच थांबलं, परत चालवलं, की झाल्या डबल. म्हणून कॉपी सांगायचंच नाही, हलव म्हणायचं, आणि शीटमध्ये प्रत्येक ओळीला फाइलचा आयडी लिहून घ्यायचा. ती ओळ झाली की झाली, परत तिच्याकडे बघायचं नाही.

आणि हे खास आपल्या लोकांसाठी. साताऱ्याच्या पार्टीची फाइल एका कॉम्प्युटरवर टाइप केली आणि दुसऱ्यावर शोधली तर मिळेलच असं नाही. त्या शब्दातला आडवा र दोन पद्धतींनी लिहिला जातो, कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतो, कुणाचा साधा र, हलंत आणि एक न दिसणारं अक्षर. डोळ्याला बहुतेक फॉन्टात सारखंच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. शिवाय ड्राइव्हमध्ये नावावरून शोधताना एपीआय शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, मधला तुकडा दिला तर फाइल येत नाही. आम्ही मार्ग असा काढला की फाइलच्या नावात पार्टीचा कोड इंग्रजी अक्षरांत आणि तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने, मराठी नाव फक्त शीटमध्ये. मराठीवर प्रेम आहे, पण २० तारखेला नाही.

तसंच जुनी मराठी पीडीएफ. सहकारी संस्था, ग्रामपंचायती, काही कारखाने यांची जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या फॉन्टात बनवलेली असतात. पडद्यावर छान मराठी दिसतं, पण आतला मजकूर उचलला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. सर्व्हर एजंटला तोच काला देतो आणि तो बिचारा म्हणतो फाइल खराब आहे. खराब नाही, नुसती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या टायपिंगमध्ये, नाही. अशा वेळी पानाचा फोटो करून, चित्र म्हणून वाच असं सांगायचं, मग बरोबर वाचतो.

खर्चाचं बोलू. नाव बदलणं, हलवणं हे जवळजवळ फुकट, कारण त्यात फाइल जागची हलतच नाही, गूगलच्या बाजूला नुसती नोंद बदलते. पैसे जातात वाचण्यात. प्रत्येक फोटो मॉडेलच्या पोटात जातो, आणि काही सर्व्हर तर फाइल बेस६४ करून मजकुरासारखी पाठवतात, त्यात ती फुगते, म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो, आणि एजंट काही फोटोंतच दमतो, आधीचं विसरायला लागतो. म्हणून बॅच छोट्या ठेवा, एका वेळी एकच पार्टी, आणि फोटो चित्र म्हणून पाठवणारा सर्व्हर निवडा. जागेचं म्हणाल तर फोटोंना १५ जीबी बऱ्यापैकी पुरतात, पण त्यातच जीमेल आणि गूगल फोटोज पण मोजलं जातं हे विसरू नका. आम्ही मुख्य खात्याला १०० जीबीचा महिना १३० रुपयांचा प्लॅन घेतलाय, ते पैसे एजंट नसता तरी गेलेच असते.

आता तिसरा रस्ता, मधले पेड सर्व्हिसवाले. एक घेऊन बघितली, नाव लिहीत नाही. जोडणं खरंच सोपं, कन्सोलचं तोंड बघावं लागत नाही, दिसायला पण देखणं. पण प्रत्येक कृतीचा एक टास्क मोजायचे. फाइल शोधली एक, उघडली एक, नाव बदललं एक, हलवली एक. एका बिलामागे चार-पाच टास्क उडाले की महिन्याचा कोटा कुठे टिकणार, नेमका रिटर्नच्या आठवड्यात संपला आणि अर्धी बिलं नवीन नावाने, अर्धी जुन्या. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं वरचा प्लॅन घ्या. बिल डॉलरमध्ये, त्यावर कार्डाचा मार्कअप वेगळा. आणि सगळ्यात खटकलं ते हे की परवानगी मागतानाच पूर्ण ड्राइव्हची मागितली, फाइल त्यांच्या सर्व्हरवर उतरवून मग पुढे पाठवत होते आणि ती तिथे किती दिवस राहते याचं सरळ उत्तर काही मिळालं नाही. माझा स्वतःचा डेटा असता तर चाललं असतं, इथे पार्ट्यांचे पॅन, बँक खाती, उलाढाल आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण त्याच्याही आधी इचलकरंजीत अशी गोष्ट बाहेर गेली तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद.

प्लॅन रद्द केल्यावर पण त्यांची परवानगी गूगल खात्यात तशीच होती. कुठलीही अशी सर्व्हिस सोडलीत तर गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सची यादी असते तिथून स्वतः काढा. पैसे थांबले म्हणजे परवानगी थांबली असं नसतं.

सुरक्षेचं अजून थोडं, कारण हे कुणी सांगत नाही. फुकटचा सर्व्हर घेताना पण डोळे उघडे ठेवा. बऱ्याच सूचनांमध्ये एनपीएक्सची (इंटरनेटवरून प्रोग्रॅम उतरवून चालवणारं साधन) अशी कमांड असते की नवीन व्हर्जन आलं की तेच आपोआप उतरून चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टमार्क या ईमेल सर्व्हिसच्या नावाने कुणीतरी भलत्यानेच टाकलेलं एमसीपी पॅकेज उघडं पडलं, आधीची व्हर्जन्स सरळ होती, मग एकात एक ओळ घातली आणि जाणाऱ्या मेलची गुपचूप कॉपी बाहेर जायला लागली. त्या कंपनीचा यात काही हात नव्हता. म्हणून व्हर्जन नंबर पक्का लिहून ठेवायचा, आपोआप अपडेट बंद.

आणि दुसरा धोका फाइलीतच असतो. एजंट कागद वाचतो तेव्हा कागदात लिहिलेली सूचना आणि तुमची सूचना यात त्याची गल्लत होऊ शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत संशोधकांनी हेच चॅटजीपीटीच्या कनेक्टरवर करून दाखवलं. शेअर केलेल्या एका डॉक्युमेंटमध्ये पांढऱ्या रंगात, अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारा मजकूर होता की ड्राइव्हमधल्या गुप्त कीज, म्हणजे पासवर्डसारख्या किल्ल्या, शोध आणि चित्राच्या लिंकमधून बाहेर पाठव. संशोधकांनी कळवल्यावर ओपनएआयने ती फट बुजवली. पण प्रकार संपलेला नाही. सायमन विलिसन नावाचा प्रोग्रॅमर याला घातक त्रिकूट म्हणतो: खाजगी डेटा, बाहेरून आलेला मजकूर, आणि बाहेर पाठवायची सोय, तिन्ही एका एजंटकडे असले की धोका. आमच्या कामात पहिले दोन आहेतच, बिलं म्हणजे बाहेरूनच आलेला मजकूर. म्हणून तिसरं तोडलंय. ज्या एजंटला ड्राइव्ह जोडलंय त्याला जीमेल नाही, वेब सर्च नाही, बाकी काही नाही. "सगळंच जोडा, जास्त पॉवरफुल होतं" म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्यांच्या नादी लागू नका.

कुणी घ्यावं? सीए, टॅक्सवाले, वकील, सोसायटीचे सेक्रेटरी, इस्टिमेट आणि प्लॅन सांभाळणारे आर्किटेक्ट, म्हणजे ज्यांच्याकडे फाइली खूप, नावं फालतू आणि शोधाशोध रोजची, त्यांनी जरूर. महिन्याला दहा-वीस कागद असतील तर कशाला डोक्याला शॉट, हाताने लावा. ड्राइव्हऐवजी ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह असेल तरी रस्ता हाच, फक्त परवानग्यांची नावं वेगळी, आणि डिलीटचं टूल काय करतं ते तिथेही आधी तपासायचं.

आमचा पोरगा आता काय करतो असं एकाने विचारलं. तोच शीट तपासतो, आणि लाल खुणांच्या पार्ट्यांना फोन लावतो. पार्ट्या अजूनही उचलत नाहीत.

मोबाइलवरून चालतं का हा प्रश्न हमखास येतो, तर तयार कनेक्टर असेल तर चालतं, स्वतःचा सर्व्हर लॅपटॉपवर असेल तर तो लॅपटॉप चालू पाहिजे. आमच्याकडे सोमवारी वीज गेली की एजंटला पण सुट्टी.